घटस्फोट झाला तरी अर्ज थांबत नाहीत, काय करावं? (नाशिक)

नमस्कार. 2021 मध्ये नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने आमचा घटस्फोट झाला. मुलाचा ताबा माझ्याकडे, वडिलांनी पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी भेटायचं, मुलाच्या खर्चाला दरमहा ठरलेली रक्कम द्यायची, असं कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या अटींमध्ये) स्वच्छ लिहिलंय. खाली दोघांच्या सह्या आहेत.

तरी मुलाच्या वडिलांचा एक अर्ज निकाली निघाला की दुसरा येतोच. आधी ताबा मागितला, मग खर्चाची रक्कम कमी करा म्हणून, मग मी भेटू देत नाही म्हणून दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज. भेटींचे फोटो आणि मेसेज माझ्याकडे आहेत. ताब्याच्या अर्जात तर पुराव्याची वेळ आल्यावर त्यांनी तो काढून घेतला आणि काही महिन्यांनी तारखा बदलून तोच मजकूर पुन्हा दाखल केला.

मी अंबडला एका कंपनीत आहे. तारीख म्हणजे बिनपगारी रजा, वर वकिलांची फी. पण घरात जे होतं ते जास्त लागतं. आई संध्याकाळी पाचवी-सहावीची शिकवणी घेते. मागच्या वेळी कोर्टाचे बेलीफ समन्स घेऊन आले ते नेमके तेव्हाच. मुलं पाढे म्हणायची थांबून दाराकडे बघत राहिली, आणि आईने थरथरत्या हाताने त्या कागदावर सही केली. मुलाने रात्री मला विचारलं, "आता मला तिकडे राहायला जावं लागेल का?"

त्याला बाबा भेटावेत असं मलाही मनापासून वाटतं. पण त्याच त्या गोष्टीसाठी किती वेळा उभं राहायचं? खोडसाळ दावे लावणाऱ्यांना आळा घालणारा महाराष्ट्राचा 1971 चा कायदा आहे म्हणे. तो इथे लागू होईल का? कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

पंचवटीकर:
ताई, मी वकिली करतो. कागद बघितल्याशिवाय पक्कं बोलणार नाही, पण 1971 च्या कायद्याच्या मागे लागू नका. त्यात महाधिवक्त्यांमार्फत (राज्य सरकारचे सर्वोच्च वकील) हायकोर्टात जावं लागतं आणि समोरचा सवयीने, विनाकारण दावे लावतो हे दाखवावं लागतं. तुमच्याकडे आहेत एवढ्या अर्जांवर ते अवघड आहे.

ताब्याचा आदेश हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली वेळोवेळी बदलता येतो, त्यामुळे ते दार कायमचं बंद होत नाही. म्हणून तुमच्या 'से'मध्ये (लेखी उत्तरात) पहिला मुद्दा हाच घ्या: मागच्या आदेशानंतर नेमकं काय बदललं? जुना आणि नवा अर्ज शेजारी शेजारी जोडा, सारखे परिच्छेद अधोरेखित करा. काढून घेतलेल्या अर्जाच्या आदेशाची आणि रोजनाम्याची (तारखेवार कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढा. पुन्हा दाखल करायची मुभा कोर्टाने दिली होती का, ते त्यात दिसेल. मुलाच्या हिताचा प्रश्न असल्याने मुभा नसली तरी कोर्ट ऐकून घेऊ शकतं, पण तुमची बाजू भक्कम होते. आणि दर वेळी कोर्टाच्या कामाचा खर्च समोरच्याकडून मिळावा म्हणून लेखी मागा. न मागता सहसा मिळत नाही.

रक्कम कमी करायचा अर्ज असेल तर त्यांचं मालमत्ता-उत्पन्नाचं शपथपत्र मागा. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये रजनेश वि. नेहा प्रकरणात दोन्ही पक्षांना ते बंधनकारक केलंय. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. नक्कलेचा अर्ज लगेच टाकते. ते बेलीफ घरी येणं कसं टाळू? आईला आता सोसत नाही.

पंचवटीकर:
ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते. दर आठवड्याला तुमचं नाव टाकून बघत जा. नवी केस दिसली की समन्सची वाट न बघता वकीलपत्र दाखल करून हजर व्हा.