अनुभव धागा : थंडी उतरतेय, तुमच्या शेतावर काय चाललंय?

शेतीवर लिहिलं जातं ते पेरणीच्या वेळी, नाहीतर भाव पडल्यावर. महाशिवरात्र ते होळी या दिवसांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. लहान शेतकऱ्याच्या घरात मात्र सगळ्यात जास्त धावपळ याच दिवसांत असते. रब्बी पदरात पडायची असते, उन्हाळ्याच्या पाण्याचा हिशोब लावायचा असतो आणि सोसायटीच्या कर्जाचं मार्चअखेर समोर दिसत असतं. कृषी गणना 2015-16 प्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन आहे. एवढ्या जमिनीवर सालगडी परवडत नाही. जे करायचं ते घरच्या माणसांनी.

म्हणून हा धागा. एकरी उतारा किती, भाव काय, ते इतर ठिकाणी बोलूच. इथे दिवस कसा जातो ते लिहा. घरात कोण काय करतं? थंडी उतरली हे तुमच्याकडे कशावरून ओळखतात?

सुरुवात मीच करते. आम्ही जुन्नर तालुक्यातले. दीड एकर उन्हाळ कांदा, थोडा गहू, बांधाकडेने हरभरा आणि दोन म्हशी. कांद्याची आता दुसरी खुरपणी आटोपलीय. डेंगळे मोडणं हे सासूबाईंचं काम. थंडी लांबली की कांद्याला फुलाचा दांडा येतो आणि तो कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. त्या रोज सकाळी एकेक वाफा फिरून मोडतात आणि ते डेंगळे म्हशींपुढे टाकतात.

आमच्या चहूबाजूंनी ऊस आहे. तोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो आणि फडात कधी कधी त्याची पिल्लं सापडतात. यंदा शेजारच्या फडात सापडली. तोडणीवाल्यांनी लगेच कोयते थांबवले. वनखात्याची माणसं आली, पिल्लं तपासली आणि अंधार पडायच्या आत त्याच जागेवर क्रेटमध्ये ठेवली. रात्रीत मादी येऊन घेऊन गेली. त्या रात्री आमच्या कांद्याची पाळी होती, पण मोटर कुणीच चालू केली नाही. तोडणीवाल्या बायकांची लहान लेकरं आमच्या पडवीत झोपली होती.

मंगळवेढ्याहून

ताई, धागा काढलात ते बरं केलं. आमच्याकडं काळं रान, पाण्याची सोय नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओलीवर मालदांडी ज्वारी पेरायची आणि पुढं सगळं दवावर. विहिरीवर जेमतेम गुरांचं भागतं.

थंडी उतरल्याचं आम्हाला आधी हातांना कळतं. ज्वारी आम्ही कापत नाही, मुळासकट उपटतो. कडबा लांब मिळतो आणि रानात धसकटं राहत नाहीत. पहाटे दव असतं तोवर ताट मऊ, पानं हाताला चिरत नाहीत. म्हणून पाच-साडेपाचला पाथ धरायची, न्याहारीपर्यंत निम्मं काम उरकायचं. ऊन वाढलं की रान भेगाळतं, मुळं घट्ट धरतात आणि तळहाताला फोड येतात. वडील सत्तरीचे आहेत, त्यांना उपटणी झेपत नाही. ते मागनं पेंढ्या बांधत येतात. आई आणि बायको कणसं खुडतात. पूर्वी खळ्यावर बैल फिरायचे, आता मशीनवाला येतो आणि दोन तासांत मोकळं करतो. मला स्वतःला मशीनच बरं वाटतं. खळ्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी ती धूळ आणि ती रात्रीची जागरणं सोसलेली नसतात.

मजूर मिळत नाहीत ही खरी अडचण. उपटणीला तरुण माणूस येतच नाही, त्यामुळं जोड्या उक्त्यानं घेतात. ज्वारी कमी होत चालली ती भावापेक्षा या कामामुळं, असं माझं मत आहे. तरी आम्ही पेरतो, कारण कडबा. ज्वारीचे पैसे वर्षातून एकदा येतात. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात आणि दूध कडब्यावर आहे.

हुरडा आता संपला. पोष-माघात आगटी पेटलेली असते तेव्हा पाव्हणेरावळे येतात. काढणीला कुणी येत नाही. कणसात दाणा भरला की भोरड्यांचे थवे उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचं काम माझ्या मुलीनं शाळेच्या आधी सकाळी केलं. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे.

आभाळाची भीती या दिवसांत सारखी मनात असते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात जी गारपीट झाली ती आमच्या भागातल्या कुणाला विसरता येणार नाही. काढून टाकलेली ज्वारी जागेवर काळी पडली. तेव्हापासून आम्ही पेंढ्या रानात पडू देत नाही. रोजचं रोज गोळा करून बुचाड रचतो, कणसं आतल्या बाजूला आणि बुडखे बाहेर.

निफाडजवळून

मी द्राक्षबागेच्या घरातली सून. वर मंगळवेढ्याच्या दादांनी आभाळाबद्दल लिहिलंय, आमच्याकडे जानेवारीभर नजर थर्मामीटरवर असते. निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा लोकांना गंमत वाटते. आमच्या घरी त्या रात्री कुणी झोपत नाही. मण्यांत पाणी उतरायला लागलं आणि पहाटे फार थंडी पडली की मणी तडकतात. मग बागेच्या कडेने ठिकठिकाणी शेकोट्या पेटवायच्या आणि पहाटे ठिबक चालू करायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्यानं जमिनीलगतची हवा जरा उबदार राहते.

आता थंडी उतरली की उलट घाई. थंडीत गोडी भरत नाही. ऊन तापायला लागलं की आठवडाभरात माल तयार होतो, सगळ्यांचाच एकदम. व्यापारी येतो, चार ठिकाणचे मणी तोडतो, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून गोडी बघतो आणि भाव सांगतो. खुडणीच्या दिवशी घरात पंचवीस माणसांचा स्वयंपाक. तो सासूबाई आणि मी करतो, आणि तो कुठल्याच खर्चात धरला जात नाही. मी दोन वर्षांपासून धरते. फवारणीची नोंदवही माझ्याकडेच आहे, कारण निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी असली की कोणतं औषध कधी मारलं, काढणीला किती दिवस उरलेत, सगळं दाखवावं लागतं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी गॅस, किराणा आणि आमच्या दोघींची मजुरी लिहायला लागले. नवऱ्यानं पहिल्यांदा बेरीज बघितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. यंदा त्यानं स्वतःहून खुडणीच्या दिवसांसाठी स्वयंपाकाला बाई सांगितली.

नवीन बागायतदारांना एकच सांगेन, भाव ठरला तरी पैसे ठरल्याप्रमाणे हातात पडल्याशिवाय दुसरी गाडी भरू देऊ नका. एका वर्षी आमचा निम्मा माल गेला आणि घेणाऱ्याचा फोन बंद झाला.

अलिबाग, कार्ल्याच्या बाजूने

आमच्याकडे भात निघालं की त्याच शेतात वाल आणि पांढरा कांदा. वालाला पाणी देत नाही, जमिनीच्या ओलीवर येतो. पोपटीचे दिवस आता सरले. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि खडेमीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. शेंगा जून व्हायला लागल्या की पोपटी बंद, हीच आमची थंडी गेल्याची खूण.

सध्या कांदा काढणी. उपटायचा, पातीसकट वाळवायचा आणि मग संध्याकाळी अंगणात बसून माळा विणायच्या. माळ विणणं बायकांच्या हातातलं काम. माझी आई डोळे मिटून विणते, कांदे खाली मोठे आणि वर लहान होत जातात. सुटा कांदा विकला तर लवकर हातावेगळा होतो, पण गिऱ्हाईक माळच मागतं. ती स्वयंपाकघरात टांगली की पावसाळ्यापर्यंत टिकते. हायवेवर पांढरा दिसतो तो प्रत्येक कांदा अलिबागचा नसतो. माळ घेताना पात तपासा. खऱ्या माळेत कांद्याची स्वतःची पात विणलेली असते.

मोर्शी, जि. अमरावती

आमच्या इकडे संत्रा. डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतो, ताण बसला की पानं मलूल होतात, मग पाणी सोडायचं. सध्या आंबिया बहार फुटलाय. वावरात पाय ठेवला की वास डोक्यात भिनतो. मधमाश्या इतक्या की दुपारी बगीच्यात घुमणं ऐकू येतं, म्हणून या दिवसांत फवारा मारत नाही. वडील गेले त्या वर्षीही याच दिवसांत फूल आलं होतं. तेव्हापासून हा वास मला सोसायला जड जातो, आणि तरी सकाळी पहिले पाय तिकडेच वळतात.

दुसरीकडे पराटी, म्हणजे कपाशी, उपटणं चालू आहे. बोंडअळीमुळे फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी ठेवून घेतलेला कापूस) घेणं सोडलं. गावात सगळ्यांनीच सोडायला पाहिजे, नाहीतर एकट्यानं सोडून फायदा नाही.

जुन्नर (धागा काढणारी)

निफाडच्या ताईंचं वाचून मी पण वही घेतली. रात्रीच्या विजेबद्दल कुणीतरी लिहा ना. आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असं वेळापत्रक असतं.

संगमनेर तालुका

लिहितो. गहू ओंबीवर आहे आणि याच अवस्थेत पाणी चुकवून चालत नाही. रात्रीची पाळी असली की बाराला उठायचं. डोक्याला बॅटरी, पायात गमबूट, हातात काठी आणि फावडं. पाण्याची दारं धरायला मी, मोटरीपाशी भाऊ. आम्ही दोघं दर थोड्या वेळानं एकमेकांना हाका मारतो. पूर्वी एकटा जायचो, आता घरची मंडळी जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. चाळीस-पन्नास फुटांवर काय बसलंय ते दिसत नाही. दिवसा वीज ही शेतकऱ्याची चैन नाही, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे, हे मी प्रत्येक ठिकाणी बोलतो आणि इथेही बोलतो. शेजारच्या गावात सौर फीडर झाला, तिथली माणसं रात्री घरी झोपतात.

रात्रीच्या पाळीचं एक सुख आहे तेही सांगतो. पहाटे परतताना हरभऱ्याच्या कडेनं येतो. आजी असताना हरभऱ्यावर रात्री धुतलेलं पांढरं फडकं अंथरायची आणि सकाळी पिळून आंब धरायची. वर्षभर पोटदुखीला तीच. आता आई करते. फवारलेल्या हरभऱ्यावर हे करायचं नाही, म्हणून एक पट्टा आम्ही बिनऔषधाचा ठेवतो.

राजापूर

इथे सगळं आंब्याच्या कलमांवर अवलंबून. पहिल्या मोहोराची फळं सुपारीएवढी झाली आणि परत थंडी पडली. मग झाडानं पुन्हा मोहोर काढला. लोकांना मोहोर बघून आनंद होतो, आम्ही हवालदिल होतो. नवा मोहोर जोर ओढून घेतो आणि आधीची फळं गळतात. आता दुपारचं ऊन एकदम चढलंय, त्यानंही गळ चालू आहे. झाडाखाली पाचोळ्याचं आच्छादन केलं आणि जिथं पाणी पोचतं तिथं देतोय.

काजू मात्र पावला. वेंगुर्ला-4 ची झाडं भरलीत. ओले काजूगर सोलायला वहिनी आणि शेजारच्या दोघी बसतात. चिकानं बोटांची सालं जातात, हाताला खोबरेल लावून बसावं लागतं. ओल्या काजूची उसळ मुंबईत महाग का, हे त्यांचे हात बघितल्यावर कुणी विचारणार नाही.

शिमग्याआधी कवळ (झाडांच्या फांद्या-पाला) तोडून भाजावळीची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, जागा तयार करायची आहे. पालखी घरी येईल तेव्हा मुंबईहून सगळे येतील, घर भरेल. त्यांना मी दरवर्षी सांगतो, दोन दिवस आधी या आणि भाजावळीला हात लावा. यंदा पुतण्या येतोय.

कुरखेडा, गडचिरोली

धानाच्या बांधीत लाखोळी (लाखेची डाळ) टाकली होती, ती उपटून झाली. जवस वाळतोय. मोह अजून टपकायला लागला नाही, पण कुचे (कळ्यांचे झुपके) दिसायला लागलेत. मोहाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करायची जुनी रीत आहे आणि त्यानं जंगलाला आग लागते. आमच्या गावात दोन वर्षांपासून झाडाखाली जुन्या साड्या आणि जाळ्या अंथरतो. फूलही स्वच्छ मिळतं. पहाटे सगळं घर वेचायला जातं, शाळेतली मुलंसुद्धा.

पुण्यातून, गाव बार्शी तालुक्यात

आमच्या घरी शेतावर आई-वडील दोघंच. मी नोकरीला, रविवारी जातो. सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून तोपर्यंत हरभरा विकला जाणं भाग आहे. भाव चांगला असो वा नसो, मार्चमध्ये सगळे लहान शेतकरी एकदम बाजारात येतात ते यामुळे. मी यंदा पगारातून भरणा करून हरभरा घरात ठेवायचा विचार करतोय. वडिलांना ते आवडलेलं नाही. शेतीचं कर्ज शेतीनं फेडावं असं त्यांचं म्हणणं आहे आणि मला ते मोडवत नाही.

एक विचारायचं होतं. हरभरा पिवळा पडलाय, पानं गळालीत. मला रविवारीच येता येईल. तोवर थांबला तर घाटे फुटतील का?

मंगळवेढ्याहून

भाऊ, आईला घाटा कानाशी धरून हलवायला सांगा. आत दाणा खुळखुळला की काढायला आला. वाण विजय किंवा दिग्विजय असेल आणि ऊन असंच राहिलं तर रविवारपर्यंत कडेचे घाटे उकलायला लागतील. दोघांनाच जमणार असेल तर रोज थोडा काढा, पहाटे दव असताना, ऊन चढायच्या आत. तेव्हा घाटे गळत नाहीत आणि काटक्या हाताला टोचत नाहीत. ढीग उंचवट्यावर घाला आणि ताडपत्री शेजारी असू द्या. मशीनवाल्याला आजच फोन करून नंबर लावा, होळीच्या आठवड्यात तो कुणालाच मिळत नाही. कर्जाचं म्हणाल तर निम्मा हरभरा विकून वडिलांच्या हातानं भरणा करा आणि कमी पडेल तेवढं तुम्ही घाला. आमच्या घरी असंच केलं, वडिलांनी ते मानलं.