गायिका हिराबाई बडोदेकर ही गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, मग आडनाव वेगळं कसं?

प्रश्न: भाऊ सुरेशबाबू माने, बहीण सरस्वती राणे, वडील अब्दुल करीम खाँ. एकाच घरात एवढी आडनावं कशी?

उत्तर १: आई ताराबाई माने बडोद्याच्या, म्हणून माने आणि बडोदेकर. खाँसाहेब तिथे दरबारात गात, ताराबाईही त्यांच्याकडेच शिकल्या. १९२२ च्या सुमारास त्या मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावंच बदलली. सुरेशबाबू आधी अब्दुल रहमान होते! मला यात त्या माउलीचं धाडस फार मोठं वाटतं. पोरांचं गाणं तिनं तुटू दिलं नाही.

उत्तर २: राणे हे सासरचं आडनाव. हिराबाईंना तालीम सुरेशबाबूंची आणि गायक अब्दुल वहीद खाँसाहेबांची. तरी डोळे मिटून ऐका, तो शांत, अलगद लावलेला षड्ज (सा) थेट वडिलांचा वाटतो.