वाड्याचं सागवान वेगळं मोजा

दादा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला तुमचा वाडा दलाल नुसत्या जागेच्या भावात मागतोय, असं लिहिलंत. घाई करू नका. आम्ही आमचा वाडा विकला, त्याच्या सोप्यातले खांब कवेत मावत नव्हते. घेणाऱ्याने आठवड्यात भिंती पाडल्या. तुळया, चौकटी, कडीपाट सगळं वेगळं विकलं. अजून जीव तुटतो. ओळखीच्या सुताराकडून लाकडाचं माप आधी घ्या.

ग्रामपंचायत हद्द असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, नमुना ९ आणि ११ लागतील. ते कन्नडमध्ये असतात, नावं जाणकाराकडून वाचून घ्या.

आणि बहिणी? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित घरात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. त्यांना नुसतं सहीपुरतं बोलावू नका. माझ्या आत्याला देवघराचा उंबरा हवा होता, तेवढाही आम्ही राखला नाही.