आराखडा पाहुण्यांचा, रंग सगळ्यांचे: याला सामूहिक भित्तिचित्र म्हणायचं का?

परांचीवाली

बारा वर्षं भिंती रंगवते आहे. त्यातल्या चार परदेशी चित्रकारांबरोबर केल्या. शेवटची भिंत पंधरा दिवसांपूर्वी संपली, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

पाहुणे चित्रकार तीन, इथले आम्ही पाच, शिवाय वस्तीतली वीसेक मुलं. उपक्रमाचं नाव होतं 'सांस्कृतिक देवाणघेवाण'. पहिल्याच दिवशी पाहुण्यांनी कागदाची गुंडाळी उलगडली. आत आराखडा पूर्ण तयार, रंगांचे क्रमांकसुद्धा घातलेले. आम्ही भिंतीवर चौकोन आखले, बाह्यरेषा उतरवल्या आणि नऊ दिवस रंग भरले. माणसं मनापासून काम करणारी होती, आमच्याबरोबर भर उन्हात परांचीवर उभी राहिली. पण चित्रातले पक्षी आमच्यापैकी कोणीच कधी पाहिले नव्हते. एका मुलीने विचारलं, "यात मी माझं काही काढू का?" तिला अगदी खाली, जमिनीलगत दोन हात जागा मिळाली. एकाही फोटोत ती जागा आलेली नाही.

काय काढायचं हे एकत्र ठरत नसेल, तर त्याला देवाणघेवाण म्हणू नये. तिथे एकाने हुकूम दिला आणि बाकीच्यांनी तो पाळला, एवढंच झालं.

वेगळं करता येतं. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडी बाका यांनी १९७६ पासून पाच उन्हाळे पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर काम केलं. लांबी ८०० मीटरहून जास्त, आणि ४०० हून अधिक तरुण हात, वेगवेगळ्या वंशांचे. रंगाचे डबे उघडण्याआधी इतिहासाचे जाणकार आणि जुने रहिवासी यांच्याशी बोलणी झाली, विषय त्यातून घडले. सूत्रं बाकांच्याच हाती होती, पण ती हाती घेण्याआधी त्यांनी ऐकून घेतलं होतं.

उभीरेघ

मला हे पटत नाही. भिंत लांबून वाचली जाते. रस्त्याच्या पलीकडून, चालता चालता. आठ जणांनी आठ आवडीची चिन्हं आणली की लांबून नुसती गिचमीड दिसते. कुठे गडद, कुठे मोकळं, डोळा कुठून शिरणार आणि कुठे थांबणार, हे एका डोक्यातूनच यावं लागतं. मी अशा तीन भिंतींवर होतो. तिन्ही 'सगळ्यांच्या' होत्या आणि आज त्यातल्या एकीसमोरही कोणी थांबत नाही.

दुसरं, सगळ्यांना विचारलं की चित्र गुळमुळीत होतं. डेव्हिड आल्फारो सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराने १९३२ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच 'आमेरिका त्रोपिकाल' काढलं. मागणी रम्य उष्णकटिबंधाची होती. त्याने मधोमध क्रुसावर बांधलेला आदिवासी माणूस काढला आणि वर गरुड. मदतनीस पुष्कळ होते, पण ती मधली आकृती त्याने अनावरणाच्या आदल्या रात्री सगळ्यांना घरी पाठवून एकट्याने रंगवली असं सांगतात. बैठक बोलावून मतं घेतली असती तर तो माणूस भिंतीवर आला असता का?

चुनखडी

उभीरेघ, ते चित्र पांढऱ्या रंगाखाली कोणी गाडलं? ज्यांच्या ताब्यात भिंत होती त्यांनी. २०१२ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुलं होईपर्यंत ऐंशी वर्षं गेली. ते चित्र वस्तीने मागितलं नव्हतं आणि वस्तीने पुसलंही नाही. मालकाची मर्जी आणि लोकांचं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गिचमिडीबद्दल: शिकागोची १९६७ ची 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' पाहा. कृष्णवर्णीय चित्रकारांच्या गटाने ती केली. एका चित्रकर्तीने भिंतीची विभागणी आखली: संगीत, खेळ, साहित्य, राजकारण असे भाग. मग प्रत्येकाने आपापला भाग आपल्या हाताने रंगवला. आखणी एकीची, रेघ प्रत्येकाची. हा मधला मार्ग तुम्ही धरतच नाही.

तिथेही सगळं गोड नव्हतं. काही आठवड्यांतच एकाच्या भागावर पांढरा रंग फिरवून तो दुसऱ्याकडून रंगवून घेतला गेला आणि गट दुखावला. तरीही मी असली भांडणं पत्करीन. कागदाची गुंडाळी उघडली त्या दिवशी भांडण झालं नाही, कारण भांडायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

निळाशार

मला रंग भरण्याच्या बाजूने बोलायचंय. इथे दोघा-तिघांच्या बोलण्यात ते काम हलकं ठरतंय, आणि त्याचं वाईट वाटतं.

फिलाडेल्फियात १९८४ पासून भित्तिचित्रांचा मोठा उपक्रम चालू आहे. तिथे एक पद्धत रुजली. पातळ, न विणलेल्या कापडाचे तुकडे घ्यायचे, त्यांवर बाह्यरेषा आणि रंगांचे क्रमांक उतरवायचे, आणि ते तुकडे माणसांकडे न्यायचे. टेबलावर बसून रंगवता येतं. नंतर अॅक्रिलिक जेलने ते भिंतीवर चिकटवायचे, हवेचे फुगे बाहेर दाबत, कडा एकमेकींना जुळवत. वाळलं की सांधा दिसत नाही. या पद्धतीने तुरुंगातल्या कैद्यांनी, कधीच प्रत्यक्ष पाहता येणार नाही अशा भिंतीसाठी चित्रं रंगवली.

मी स्वतः हाच प्रकार वृद्धांबरोबर केला आहे. परांचीवर चढणं सोडा, काहींना उभंही राहता येत नव्हतं. क्रमांक नसते तर त्यांनी कुंचला धरला नसता. चार दिवस एकाच टेबलाशी, भाषा येत नसलेल्या पाहुण्याशेजारी बसून त्यांनी जे मिळवलं ते आराखड्यात मोजता येणार नाही. एक आजोबा त्याला रंग पातळ करायला शिकवत होते. शब्द एकही नाही, सगळं हातांनी.

मातीचारंग

सगळे 'अधिक देवाणघेवाण' गृहीत धरून बोलताय, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

१९७१, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातलं पापुन्या. वेगवेगळ्या भाषांचे आदिवासी गट सरकारी धोरणाने एका जागी आणलेले. जेफ्री बार्डन नावाचा गोरा शिक्षक तिथे आला. शाळेच्या भिंतीवर काय काढायचं हे वडीलधाऱ्या पुरुषांनी ठरवलं: मधमुंग्यांची पुराणकथा, त्याच भूमीशी जोडलेली. काढताना मुंग्या युरोपीय धाटणीच्या उतरल्या. बार्डनने विचारलं, या गोऱ्यांच्या मुंग्या का? मग कापा त्जाम्पितजिन्पा यांनी त्या पुसून आपल्या पद्धतीच्या काढल्या. पाहुण्याने रेघ मारली नाही, एक प्रश्न विचारला आणि बाजूला झाला. परांचीवाली, तुम्हाला हवी ती देवाणघेवाण मला इथे दिसते.

पण पुढचंही ऐका. त्या भिंतीनंतर पुरुष लाकडी फळ्यांवर चित्रं काढू लागले, १९७२ मध्ये त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली, चित्रं बाहेर विकली गेली. काही चित्रांत अशी चिन्हं होती जी स्त्रियांनी किंवा दीक्षा न झालेल्यांनी पाहायचीच नव्हती. आपल्याच माणसांचे आक्षेप आले. चित्रकारांनी ती चिन्हं सोडली, किंवा ठिपक्यांच्या दाट थरांखाली झाकली. भिंतीचं म्हणाल तर १९७४ पर्यंत तीही रंगाखाली गेली होती.

म्हणून माझा आग्रह असा: पहिल्या बैठकीत "तुमच्याकडचं काय दाखवाल?" याआधी "काय दाखवायचं नाही?" हे विचारा. आणि ते विचारल्यावर गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो.

परांचीवाली

निळाशार, तुमचं मान्य. 'हुकूम' हा शब्द मी मागे घेते. नऊ दिवसांत आमच्यातही पुष्कळ काही झालं. ओल आलेल्या भागावर रंग धरत नव्हता तेव्हा पापुद्रे खरवडून पुन्हा प्रायमर कसा द्यायचा, हे पाहुणे आमच्याकडून शिकले. ते मी आधी लिहायला हवं होतं.

उभीरेघ, एका डोक्यातून यावं लागतं हेही खरं. पण ते डोकं विमानातून उतरण्याआधीच भरलेलं नको.

उभीरेघ

ठीक. मग मला एक सांगा. चार दिवस नुसतं ऐकायचं, तर त्या चार दिवसांचं मानधन कोण देणार? पैसे देणारे चौरस फूट मोजतात. उपक्रमाच्या कागदावर 'ऐकणे' असा रकाना नसतो. गोड बोलून चित्रकाराला ते दिवस स्वतःच्या खिशातून घालायला लावावेत, हे मला मान्य नाही.

परांचीवाली

रकाना नसतो, आणि मीही आजवर तो मागितला नाही. पुढच्या भिंतीच्या अर्जात पाच दिवस वेगळे लिहिले आहेत, मानधनासकट, पाहुण्यांचे आणि आमचे सारखेच. नाकारलं तर ती भिंत घेणार नाही.

चुनखडी

त्या मुलीने खाली काय काढलं?

परांचीवाली

सायकल, आणि मागे बसलेला तिचा लहान भाऊ. चाकांना रंग उरला नव्हता, म्हणून पाहुण्यांपैकी एकाने वरून आपला डबा खाली सोडला. चाकं त्या पक्ष्यांच्या निळ्या रंगाची आहेत.