वाकते, लवते की नमते?

खारीबिस्कीट: भाचीच्या पीएचडीची माहिती विज्ञान दिनाच्या पोस्टरसाठी मराठीत करतोय. सर्जरी करणाऱ्या रोबोची बारीक नळी, नायटिनॉल नावाच्या मिश्रधातूची, शरीरात शिरल्यावर कशी किती वाकेल याचं गणित. मी लिहिलं 'नळी वाकते', तर म्हणते मामा, वाकली तर फेकून द्यावी लागेल. मग काय लिहू? एका जुन्या पुस्तकात 'नमन' दिसलं, पण ते गणपतीपुढेच बरं.

उंटावरचा: भाची बरोबर आहे. चमचा वाकला म्हणजे वाकला. वेताची छडी लवते, सोडली की सरळ. लव्हाळं लवतं म्हणून तर लव्हाळं.

ताकपोळी: ही व्युत्पत्ती घरी बनवलेली दिसते 😄 आमच्याकडे फक्त डोळा लवतो. आणि नमस्काराला वाकतो तेव्हा परत सरळ होतोच की आपण?

उंटावरचा: पन्नाशीनंतर सांगा.

मधलीसुट्टी: 'फ्लेक्स होते' लिहा ना सरळ, पोरांना तेच कळतं.

ताकपोळी: फ्लेक्स म्हणजे दादांच्या वाढदिवसाचा, चौकातला.

जुनीवही: आधी 'सर्जरी' आणि 'रोबो' काढा. शल्यक्रिया आणि यंत्रमानव हे शब्द असताना ही लाचारी कशाला?

मधलीसुट्टी: दोन मिलिमीटरच्या नळीत मानव कुठे बसवताय?

सोऱ्या: थोडं या क्षेत्रात काम केलंय म्हणून सांगतो, एका शब्दात भागणार नाही. या नळ्या एकात एक घातलेल्या असतात आणि प्रत्येकीला आधीच तापवून बाक दिलेला असतो. सारख्याच ताठ दोन नळ्यांचे बाक एका दिशेला ठेवले तर बाक तसाच राहतो, एक अर्धा फेरा फिरवली की दोघी एकमेकींना ओढून सरळ होतात. म्हणजे बाक हा घडवलेला, लवणं तेवढ्यापुरतं आणि वाकणं कायमचं. 2 मिमी व्यासाची नळी 25 मिमी त्रिज्येत लववली तर बाहेरची बाजू 4 टक्के ताणली जाते, साधं स्टील 1 टक्क्याच्या आतच वाकून बसतं, नायटिनॉल मात्र परत येतं. शिवाय पीळ आहेच. मागून फिरवलेलं सगळं टोकाला पोचत नाही, मधे पीळ साठत जातो आणि कधीकधी टोक एकदम उसळी मारून भलतीकडे जातं, आणि तिथे पेशंट असतो. गणिताचा खरा ताप तोच.

उंटावरचा: सुंभ जळाला तरी.

जुनीवही: नायटिनॉलला मराठी काय?

सोऱ्या: निकेल, टायटॅनियम आणि ज्या अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलं तिची आद्याक्षरं. करा भाषांतर.

खारीबिस्कीट: पोस्टर सकाळी छापायला जातंय हो. मग 'लवणारी नळी' करू ना? की 'लवचिक नळी'?

जुनीवही: लवचीक. ची दीर्घ.

ताकपोळी: आम्ही शाळेत ऱ्हस्वच लिहायचो आणि मार्कही मिळायचे.

जुनीवही: कोणती शाळा?

ताकपोळी: बरं ते राहू द्या, बायकांचा डावा लवला तर शुभ ना? सकाळपासून लवतोय.