मदत हवी आहे : व्यसनमुक्तीच्या भरतीला महात्मा फुले योजना चालते का? (नागपूर)

नमस्कार. लहान भाऊ एमडी (मेफेड्रोन) या ड्रगच्या नादी लागलाय. आता स्वतःच म्हणतोय, "ताई, भरती कर." त्याचं मन फिरायच्या आत सोय करायची आहे. केशरी रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड दोन्ही आहेत. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण व्यसनमुक्ती त्यात बसते का? एका खासगी केंद्रानं महिन्याचे पैसे आधीच रोख मागितले. योजनेचं नाव काढताच फोन ठेवला.

आधी मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवावं की थेट मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात? १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरून कोणाला कामाचा पत्ता मिळाला का? आई रात्रभर दाराला कडी लावून जागी असते.

अनुभव असलेल्यांनीच सांगा. "रुग्णाला न सांगता औषध" वाले पत्ते कृपया नकोत, ते भरपूर आलेत.