गिऱ्हाईक देव असेल, तर देवालाही लाल शेरा देता यायला हवा

बाराआणे (धागाकर्ता)

परवा इथेच खुशालचेंडू यांनी लिहिलं : "ऑनलाइन लिलावात माल विकणाऱ्यांनी रडगाणं बंद करावं. गिऱ्हाईक नाराज असेल तर पैसे परत द्या आणि गप्प बसा. एक लाल शेरा आला म्हणून काय आभाळ कोसळतं?" (लाल शेरा म्हणजे खात्यावरचा वाईट अभिप्राय, हिरवा म्हणजे चांगला.) तिथे उत्तर लिहायला बसलो, ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

मी साताऱ्यातून पोस्टाची तिकिटं आणि काडेपेटीची लेबलं विकतो. साइट कुठली ते सांगत नाही, माझं भांडण साइटशी नाही. मागच्या वर्षी अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी माझ्याकडून १९४८ चा गांधी सेट घेतला. दीड, साडेतीन आणि बारा आणे, तिन्ही वापरलेली. सेटमधलं चौथं, दहा रुपयांचं महागडं तिकीट नाही, ते कपाटात असतं तर मी इथे भांडत बसलो नसतो. बारा आण्याच्या तिकिटाला वर उजव्या कोपऱ्यात बारीक मोड, म्हणजे दुमडल्याची रेघ, आहे. हे मी वर्णनात लिहिलं. तिकीट उलटं करून तिरप्या उजेडात फोटो काढला आणि मोडीवर बाण काढला. याहून जास्त काय करायचं, मोडीची पत्रिका जोडायची? सात जणांनी बोली लावली. या गृहस्थांनी शेवटच्या चार सेकंदांत येऊन सेट उचलला. पाकीट पोचलं आणि मेसेज आला : मोड आहे, निम्मे पैसे परत करा, नाहीतर शेरा कसा द्यायचा ते मला कळतं.

मी नाही म्हटलं. त्यांनी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे बटण दाबलं. ते दाबलं की परतीचं टपालसुद्धा माझ्याच खिशातून. तिकिटं साध्या लिफाफ्यात, आत पुठ्ठासुद्धा न घालता परत आली. आता बारा आण्याला दोन मोडी आहेत. वर लाल शेरा मिळाला तो वेगळाच. वर्षभराचे माझे अभिप्राय ४६, त्यात एक लाल, म्हणजे १०० चे झाले ९७.८. आणि मी त्यांना काय देऊ शकतो? हिरवा. फक्त हिरवा. तोही द्यायचा नसेल तर काहीच नाही.

गिऱ्हाईक देव म्हणता ना? आपल्याकडे देवसुद्धा पाण्यात ठेवतात.

खुशालचेंडू

माझ्या नावाने धागा! आज घरी गोड करायला सांगतो.

तुमची मोड वाचली, वाईट वाटलं. आता माझी ऐका. एका व्हॉट्सॲप लिलाव गटात १९३९ चा रुपया आला, सहाव्या जॉर्जचा, दुर्मिळ. नाणी जमवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, रात्रभर झोप लागली नाही. बेस चार हजार, वाढ दोनशेची, वेळ रात्री दहापर्यंत. नऊ हजार सहाशेला सुटला. घरी आला, भिंगाखाली धरला, तर नऊच्या पोटात आठाचा ओरखडा. ३८ चा रुपया घेऊन आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू तासली होती. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे "जसा आहे तसा विकला, फोटो नीट बघायचा होता". गटात लिहिलं तर ॲडमिनने मलाच काढलं. ॲडमिन त्याचा मेव्हणा, हे मला नंतर कळलं.

तेव्हा लाल शेऱ्याचं बटण असतं, तर बोट दुखेपर्यंत दाबलं असतं. ज्याच्या हातून पैसे आधी जातात, त्याच्या हातात काहीतरी हवं की नको?

बाराआणे

तुम्हाला चोराने लुटलं आणि शिक्षा मला? तो मेव्हणा माझा नाही.

पैकीच्यापैकी

मी सेवानिवृत्त शिक्षिका. क्रोशाच्या जुन्या सुया आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या लिलावातून घेते. मी सगळ्यांना ३ तारे देते. ३ म्हणजे चांगलं. ४ म्हणजे फार चांगलं. ५ कुणाला द्यायचे हे अजून ठरलेलं नाही. एका विक्रेत्या मुलाने मला फोन करून रडवेल्या आवाजात विचारलं, "मावशी, माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "काही नाही रे बाळा, छान होतं सगळं." आता यात माझी काय चूक?

गंजिफा

मावशी, त्या पोराच्या जागी मी असते तर मीही रडले असते. या साइट्सवर ५ म्हणजे पास आणि ४ म्हणजे एटीकेटी. तुमच्या ३ ताऱ्यांनी दुकान बंद पडतं हो.

मी सावंतवाडीची गंजिफा विकते, दशावतारी, १२० पानांची. वर्णनात पहिलं वाक्य : पानं गोल असतात. फोटोत गोल. शीर्षकात गोल. तरी एका बाईंनी दोन तारे दिले, कारण "पानं गोल निघाली". २०२५ मध्ये २५ ऑगस्टपासून अमेरिकेला माल पाठवायचं टपाल इकडून थांबलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. तिकडच्या जकातीचा नियम बदलला, त्यात माझा काय हात? मी प्रत्येकाला पत्र लिहिलं, हवे तर पैसे परत घ्या म्हटलं. तिघांनी ‘थांबतो’ म्हणून कळवलं. त्या तिघांपैकी दोघांनी माल मिळाल्यावर उशीर झाला म्हणून शेरा दिला.

उन्हाळकांदा

तिकिटं, गंजिफा… चालू द्या तुमचं. मी निफाड तालुक्यातला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लिलावात कांदा विकतोय आणि आम्हाला ना लाल शेरा ना हिरवा. धागाकर्त्यांनी जे सांगितलं ना, आधी बोली आणि मग निम्मे पैसे मागायचे, त्याला आमच्याकडे शब्द आहे : वांधा काढणे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात भावाचा ट्रॅक्टर, २२ क्विंटल. लिलावात बोली गेली क्विंटलला १,८४०. व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायला गेलो, तर निम्मी ट्रॉली झाल्यावर माणूस एक कांदा हातात घेऊन आला. एक. चोपडा, म्हणजे साल गेलेला होता. म्हणे, माल असा आहे, १,५०० नं देतो. नाहीतर भरा परत. अर्धी ट्रॉली खाली, अर्धी वर, डोक्यावर ऊन, हमाल उभे. कोण भरतो परत? तुम्हाला परतीचं टपाल जड वाटतंय. आम्हाला डिझेल.

खळेवाला

एकच बाजू सांगू नका. मी कांद्याचा व्यापारी, वीस वर्षं याच धंद्यात आहे. ट्रॉलीच्या वरच्या थराला निवडक माल, एकसारखा, चमकणारा, आणि तळाला गोल्टी (बारीक कांदा), खाद (खराब माल), ओला. लिलावाच्या वेळी वरून चार कांदे बघायला मिळतात, ट्रॉली उलटी करून बघता येत नाही. खाली केल्यावर कळतं, तेव्हा बोलायचं नाही तर कधी बोलायचं? त्या १९३९ च्या रुपयासारखंच आहे हे. वरून जॉर्ज, आतून आठ.

उन्हाळकांदा

तळाला ओला माल घालून आम्ही स्वतःचीच ट्रॉली सडवू का? शेतकऱ्याला चोर म्हणण्याआधी आपला काटा तपासा.

खळेवाला

काट्यावर जाऊ नका, सांगून ठेवतो. माझ्या काट्याला दरवर्षी शिक्का बसतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या लेव्हीवरून नाशिक जिल्ह्यातले लिलाव ठप्प झाले, तेव्हा शिव्या व्यापाऱ्यालाच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, माल अंगावर पडला, तेव्हाही शिव्या व्यापाऱ्यालाच. दिल्लीला कुणी एक तारा दिला का?

उन्हाळकांदा

दिल्लीला आम्ही २०२४ च्या निवडणुकीत दिला की. मोजून दिला.

गंजिफा

😀 हा प्रतिसाद आवडला.

खुशालचेंडू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

उन्हाळकांदा

पॉपकॉर्न खा, पण मुद्दा ऐका. आमच्याकडे निदान वांधा समिती आहे. बाजार समितीत तक्रार केली तर माणसं खळ्यावर येतात, माल हातात घेऊन बघतात. निकाल नेहमी आपल्या बाजूने लागतो असं नाही. भावाच्या वेळी १,५०० चे १,७०० झाले, तेही मी तासभर ओरडलो म्हणून. पण माणूस आला. धागाकर्त्यांच्या तिकिटाची मोड कुणी डोळ्यांनी पाहिली?

बाराआणे

कुणी नाही. अपील केलं, त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. दोन मिनिटांत माणसाचा चष्मासुद्धा सापडत नाही.

(माझ्या धाग्याचा कांदा झाला आहे, पण हा मुद्दा घेतो.)

एडिसनकर

शेवटी तरी मूळ विषयावर बोलू. विक्रेत्याला लाल शेरा देता यावा ही मागणी नवीन नाही. ईबे या लिलावाच्या साइटवर तसं होतं. १९९६ च्या फेब्रुवारीत ईबेचे संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी अभिप्रायाची पद्धत आणली, तेव्हा दोघांना दोघांबद्दल वाट्टेल ते लिहिता येत होतं. मे २००८ मध्ये विक्रेत्यांचा हक्क काढला. का काढला, ते मी अंगावर घेतलेलं आहे. २००६ साली मी एक जुना लाइट मीटर (फोटोसाठी उजेड मोजायचं यंत्र) घेतला, काटा हलत नव्हता. मी सौम्य शब्दांत लाल शेरा दिला. तासाभरात मला लाल : "पैसे बुडवणारा, सावध". पैसे मी पहिल्या दिवशीच भरले होते! तेव्हा माझे एकूण अभिप्राय १२. मग त्याचा प्रस्ताव : तू काढ, मी काढतो. मी काढला. म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला त्या मीटरवाल्याची टक्केवारी स्वच्छ दिसली. विक्रेते गिऱ्हाइकाचा शेरा येईपर्यंत आपला दाबून ठेवायचे, ओलीस ठेवल्यासारखा. तुम्हाला ते दिवस परत हवेत?

आणि ईबेवरच केलेला एक अभ्यास आहे, रेझनिक आणि इतर संशोधकांचा, २००६ मध्ये छापलेला. जुनी पोस्टकार्डं एका नावाजलेल्या विक्रेत्याच्या खात्यावरून आणि त्याच माणसाने उघडलेल्या नव्या खात्यांवरून विकली. नावाजलेल्याला सरासरी ८.१ टक्के जास्त मिळाले. पण नव्या खात्यांवर एकदोन लाल शेरे आले, तरी भावात फरक पडला नाही. तेव्हा ९७.८ ने आभाळ कोसळतं, याला आधार नाही.

बाराआणे

तुमचा अभ्यास पोस्टकार्डांचा. माझ्या खात्यावर लाल शेऱ्यानंतर दीड महिना पाचशेच्या वर बोली गेली नाही. अभ्यास तुमच्याकडे, वही माझ्याकडे.

एडिसनकर

दीड महिना कुठला? तिकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतील. तेव्हा संग्राहक तिकिटं बघत नाहीत, समुद्र बघतात.

बाराआणे

जून-जुलै. ठीक आहे. हे डोक्यात आलं नव्हतं. पण तुमच्या मीटरवाल्याने खोटं लिहिलं, म्हणून जगातल्या सगळ्या विक्रेत्यांचं तोंड बंद, हा कुठला न्याय? खोटं लिहिणारा दोन्हीकडे असतो. आज फक्त एकाच बाजूच्या खोट्याला परवाना आहे.

खुशालचेंडू

मान्य करतो, पण हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही : वर्णनात मोड लिहिली असेल आणि फोटोत बाण असेल, तर तो शेरा काढून टाकायला हवा. लाल शेऱ्याचा हक्क मात्र विक्रेत्यांना नको. द्यायचाच असेल तर आधी त्या मेव्हण्याला भेटा.

खळेवाला

इथेही वांधा समिती नेमा. दोन विकणारे, दोन घेणारे, आणि एक हमाल.

उन्हाळकांदा

हमाल चांगला. त्याला दोघांचाही माल उचलावा लागतो. खळेवाल्यांशी पहिल्यांदाच सहमत, तारीख लिहून ठेवतो.

पैकीच्यापैकी

मी विचार केला. त्या मुलाला आज ४ तारे दिले असते, पण जुना अभिप्राय बदलता येत नाही म्हणे. ५ मात्र नाही.

गंजिफा

मावशी, विक्रेत्याकडून बदलाची विनंती आली की बदलता येतो बऱ्याच ठिकाणी. त्याला फोन करा. आणि ५ द्या हो!

पैकीच्यापैकी

त्याच्या पार्सलवर माझं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. ४.

खुशालचेंडू

बाराआणे, ती बारा आण्याची मोड अजून तुमच्याकडेच आहे का? माझ्या सेटमध्ये तेवढं एक कमी आहे.

बाराआणे

आहे. पण आता मोडी दोन आहेत. दुसरी खाली डावीकडे. आधी इथे, सगळ्यांसमोर, दोन्ही मोडी मान्य असल्याचं लिहा.

खुशालचेंडू

मोड क्रमांक एक, वर उजवीकडे, मान्य. मोड क्रमांक दोनचा फोटो टाका, मग बघू.